जुन्या फर्निचरला नवा रंग: रंगकाम, स्टेन्सिल आणि चित्र उतरवणे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या खुर्च्या, टीपॉय, मांडण्या आणि चौरंग रंगवण्याचे काम मी घराच्या गच्चीवर करते आणि अधूनमधून इतरांनाही शिकवते. शिकायला येणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी रंगाची छटा कोणती घ्यावी, हे विचारतात. लाकूड कोणते आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. पुढच्या प्रश्नांचा क्रम म्हणूनच मी माझ्या मनाने लावला आहे.

जुने फर्निचर कोठे मिळते आणि घेताना काय पाहावे?

मुंबईत चोर बाजार आणि ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहे, तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मात्र सर्वांत चांगल्या वस्तू मिळतात त्या घर बदलणाऱ्या ओळखीच्या माणसांकडे किंवा पुनर्विकासासाठी रिकाम्या होत असलेल्या इमारतींत, कारण तिथे वस्तूवर दुकानदाराने घाईघाईने मारलेला पॉलिशचा हात नसतो आणि तिचे दोष उघड दिसतात.

वस्तू पाहताना आधी ती उलटी करावी. खालच्या बाजूला रंग नसल्यामुळे लाकूड, प्लायवूड की भुश्याचा बोर्ड, ते लगेच कळते. त्यानंतर चारही पाय जमिनीवर टेकवून वस्तू कर्णाच्या दिशेने हलवावी. सांधा थोडा ढिला असेल तर हरकत नाही, कारण कुसू (सांध्याच्या भोकात बसणारे लाकडाचे टोक) बाहेर काढून, जुना सरस खरवडून तो नव्याने चिकटवता येतो. परंतु कुसूच मोडले असेल तर ते सुताराचे काम आहे आणि त्याचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करावी. पाणी लागून फुगलेला भुश्याचा बोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नये.

वाळवी, भुंगा किंवा ढेकूण असल्यास काय करावे?

या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे असतील आणि वस्तू आपटल्यावर त्यांतून बारीक पीठ पडत असेल, तर तो भुंगा होय. पीठ ताजे व फिकट रंगाचे असेल तर कीड अजून आत जिवंत आहे असे समजावे. अशा छिद्रांत लाकडासाठीचे तयार कीडनाशक इंजेक्शनच्या सुईने भरावे, वस्तू प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून काही दिवस ठेवावी आणि नंतर छिद्रे लांबीने (पुट्टीने) बुजवावीत. वाळवीने लाकूड आतून पोखरलेले असते. बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज आत गेले, तर तो भाग कापून बदलण्याखेरीज इलाज नाही.

ढेकूण मात्र लाकूड खात नाहीत. ते सांध्यांत, वेताच्या विणीत आणि पलंगाच्या खाचांत लपतात व बारीक काळे ठिपके मागे सोडतात. तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ढेकूण मरतात, परंतु नुसत्या उन्हात ठेवलेल्या जाड लाकडाच्या आतपर्यंत ती उष्णता पोहोचत नाही. त्यामुळे ‘दोन दिवस ऊन दाखवले’ यावर विसंबून वस्तू घरात आणू नये. शंका असेल तर ती वस्तू सोडून द्यावी. याबाबतीत मी कधीही धाडस करत नाही.

प्रत्येक जुनी वस्तू रंगवावी का?

नाही. जुने सागवान, शिसव आणि कोकणातील घरांत आढळणारे फणसाचे लाकूड यांचे रेशे आणि रंग हेच त्यांचे मोल आहे. गोव्यातील जुन्या घरांमधल्या शिसवी, वेताने विणलेल्या खुर्च्यांवर किंवा पितळी फुल्यांच्या पेटाऱ्यावर पांढरा रंग फासणे हे मला पाप वाटते. शिवाय रेशांमध्ये आणि कोरीव कामात शिरलेला रंग पुन्हा पूर्णपणे निघत नाही, ही व्यावहारिक अडचण आहेच. अशा वस्तू धुऊन, हलक्या हाताने घासून लाखेचे पॉलिश केले तरी पुरते.

रंगासाठी योग्य वस्तू म्हणजे आधीच रंगवलेले फर्निचर, साधे जंगली लाकूड, प्लायवूड, ठिकठिकाणी वेगवेगळ्या लाकडांनी दुरुस्त केलेल्या वस्तू आणि लोखंडी कपाटे. घरातल्या वडीलधाऱ्यांची वस्तू असेल तर त्यांना आधी विचारावे. एका ओळखीच्या घरात सुनेने हौसेने रंगवलेला चौरंग सासूबाईंच्या माहेरचा निघाला, आणि पुढचे सहा महिने त्या घरात रंगाचा विषय काढायची सोय राहिली नव्हती.

जुना रंग घासून काढताना कोणती काळजी घ्यावी?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, म्हणून मीच तो येथे घातला आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांमध्ये, शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांमधील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१६ साली अधिसूचित झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यामुळे त्याआधी रंगवलेल्या कोणत्याही वस्तूत शिसे आहे असे धरून चालणेच शहाणपणाचे.

अशा वस्तूवर कोरडा पॉलिश पेपर किंवा घासण्याचे यंत्र चालवू नये, कारण धोका धुळीत आहे आणि ही धूळ लहान मुलांना सर्वाधिक अपायकारक असते. वॉटर पेपर पाण्यात भिजवून ओले घासावे, पोपडे पत्र्याच्या पट्टीने खरवडून वर्तमानपत्रावर गोळा करावेत, चांगल्या प्रतीचा मास्क लावावा आणि काम संपल्यावर अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. घरात गर्भवती स्त्री किंवा तान्हे मूल असेल तर हे काम घरात करूच नये. जुना रंग घट्ट असेल तर तो पूर्ण काढण्याचीही गरज नसते. ओल्या कागदाने त्याची चकाकी घालवून त्यावर प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारता येतो.

रंग देण्यापूर्वी पृष्ठभाग कसा तयार करावा?

धुणे, घासणे, बुजवणे आणि प्रायमर, या क्रमाने. धुणे हे घासण्याच्या आधी आलेच पाहिजे. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर वर्षानुवर्षांच्या फोडणीचा ओशट थर असतो. तो न काढता पॉलिश पेपर चालवला तर तेल लाकडात अधिकच मुरते आणि पुढे रंगाला डोळे (रंग न धरलेले गोल ठिपके) पडतात. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून, जुन्या सुती फडक्याने वस्तू दोनदा पुसावी, नंतर साध्या पाण्याने पुसून किमान एक दिवस वाळू द्यावी. सोड्याने सागवान काळवंडते, त्यामुळे जे लाकूड उघडे ठेवायचे आहे त्यावर तो वापरू नये.

घासण्यासाठी १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून २२० वर थांबावे. त्यापेक्षा गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाला धरायला काही उरत नाही. घासणे नेहमी रेशांच्या दिशेने असावे. खड्डे आणि जुन्या खिळ्यांची भोके लाकडाच्या लांबीने भरावीत आणि भरताना थोडी उंच ठेवावीत, कारण वाळल्यावर लांबी बसते.

सागवानाला नैसर्गिक तेल असल्यामुळे त्यावर प्रायमर नीट धरत नाही. प्रायमर मारण्याच्या थोडेच आधी थिनरच्या फडक्याने पुसल्यास पृष्ठभागावरचे तेल निघते. थोडे थांबलात तर आतले तेल पुन्हा वर येते, म्हणून पुसणे आणि प्रायमर यांत जेवणाची सुट्टी घेऊ नये.

पांढऱ्या रंगातून पिवळे-तपकिरी डाग वर येतात. आणखी एक हात द्यावा का?

आणखी दहा हात दिले तरी ते डाग येतच राहतील. लाकडातील टॅनिन किंवा जुन्या पॉलिशमधला रंग पाण्यात मिसळणाऱ्या रंगात विरघळून वर चढतो. मी पहिल्यांदा रंगवलेल्या ड्रॉवरच्या कपाटावर पांढऱ्या रंगाचे चार हात दिले होते. रात्री झोपताना ते कपाट दुधासारखे दिसे, आणि सकाळी उठून पाहावे तो प्रत्येक गाठीभोवती चहा सांडल्यासारखे वर्तुळ उमटलेले असे. अखेरीस एका जुन्या पॉलिशवाल्याने चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा पातळ हात द्यायला सांगितले. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे तिच्या थरातून हे डाग वर येऊ शकत नाहीत. तीच लाख गाठींतून झिरपणाऱ्या चिकालाही अडवते.

चॉक पेंट म्हणजे काय? तो घरी करता येतो का?

अ‍ॅनी स्लोन या ब्रिटिश रंगतज्ज्ञ बाईंनी १९९० साली या नावाने रंग बाजारात आणला आणि ते नाव त्यांचे व्यापारचिन्ह आहे. इतर कंपन्या त्याच धर्तीचे रंग थोड्या वेगळ्या नावांनी विकतात. खडूसारखा निस्तेज, मखमली पोत आणि जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागावर धरण्याची क्षमता ही त्याची वैशिष्ट्ये. आपल्याकडच्या भिंतींवरील जुन्या डिस्टेंपरचा तो सधन चुलतभाऊ म्हणावा लागेल.

घरी करायचा असल्यास एक वाटी पाण्याच्या इमल्शन रंगाला पाव ते तिसरा हिस्सा वाटी खडूची पूड घ्यावी, ती आधी थोड्या पाण्यात गुठळ्या न राहू देता कालवावी आणि मग रंगात मिसळावी. खडूच्या पुडीऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिसही चालते, परंतु ते हळूहळू घट्ट होत जाते, त्यामुळे एका बैठकीपुरताच रंग कालवावा. ‘चॉक पेंटला घासण्याची गरज नाही’ हे जाहिरातीतले वाक्य मी अर्धेच खरे मानते. स्वच्छ, निस्तेज लाकडावर ते खरे ठरते, मात्र चकचकीत मेलामाईनवर किंवा सनमायक्यावर नखाने रंग सुटून येतो. तिथे २२० च्या कागदाने ओरखडे पाडून, गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा खास प्रायमर मारणे आवश्यक आहे.

रंग किती लागतो?

पाण्याचा इमल्शन रंग साधारणपणे एका लिटरला एका हातात दहा चौरस मीटरच्या आसपास पुरतो. मध्यम आकाराच्या तीन ड्रॉवरच्या कपाटाचा बाहेरचा पृष्ठभाग दोन चौरस मीटरच्या आसपास असतो, म्हणजे दोन हातांना सुमारे ४०० मिलीलिटर रंग झाला. चौरंगासाठी अर्थातच सर्वांत लहान डबा पुष्कळ होतो. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत.

पावसाळ्यात काम करता येते का?

पाण्याचे रंग वाळायला वेळ लागेल, पण काम होईल. लाखेचे पॉलिश आणि लॅकर मात्र दमट हवेत मारू नयेत. स्पिरिट किंवा थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पॉलिश दुधाळ पडते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर मी फक्त धुणे, दुरुस्ती आणि स्टेन्सिल (नक्षी छापण्याचा साचा) कापणे ही कामे करते.

स्टेन्सिल कशापासून कापावे? देवनागरी अक्षरे कापताना ती तुटतात, ते का?

जाड पारदर्शक प्लास्टिकची शीट उत्तम, आणि घरात पडून असलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मही या कामाला येतात. फिल्म बेताची कडक असते आणि रंग लागून मऊ पडत नाही. कागदाचे स्टेन्सिल दुसऱ्या छापालाच लोळागोळा होते.

देवनागरीचा प्रश्न शिरोरेषेचा आहे. ‘प’, ‘व’, ‘म’, ‘क’ यांच्या पोटातली मोकळी जागा चारही बाजूंनी बंद असते. ती कापली की आतला तुकडा गळून पडतो आणि छाप मारल्यावर अक्षराऐवजी ठोकळा उमटतो. उपाय असा की, त्या तुकड्याला बाहेरच्या शीटशी जोडणारी दोन-तीन मिलीमीटरची पट्टी न कापता ठेवावी. ‘प’, ‘म’ यांसारख्या अक्षरांत ही पट्टी शिरोरेषेत ठेवली तर डोळ्यांना फारशी खुपत नाही. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या शिरोरेषेत मुळातच खंड असल्यामुळे तेथे निसर्गतःच वाट मिळते. लाकडी पेट्यांवर आणि ट्रंकांवर छापलेली जुनी नावे पाहिली तर अक्षरांमधल्या या फटी सहज ओळखू येतात.

स्टेन्सिलच्या खालून रंग पसरतो. काय चुकते?

ब्रशवर रंग जास्त असतो, बाकी काही नाही. ब्रश रंगात टेकवल्यावर फडक्यावर इतका पुसावा की तो जवळजवळ कोरडा वाटेल, आणि मग तो फिरवण्याऐवजी उभा धरून टिपत जावे. पहिला छाप फिकट आला तरी घाबरू नये, पाच मिनिटांनी पुन्हा टिपावे. स्टेन्सिल कागदी चिकटपट्टीने घट्ट बसवावे, आणि काढताना ते ओढू नये, सरळ वर उचलावे. कोपऱ्यापासून सुरुवात करू नये. नक्षीचा मध्य आणि पृष्ठभागाचा मध्य पेन्सिलने जुळवून मग दोन्ही बाजूंना सरकत गेल्यास कडेला अर्धे फूल उरत नाही.

वारली आकृत्यांची तयार स्टेन्सिल्स सर्वत्र मिळतात. त्यांचे छाप स्वच्छ येतात, पण वारली चित्रातली प्रत्येक आकृती हाताने काढलेली आणि थोडी वेगळी असते. एकाच साच्यातून आलेली बारा माणसे तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचताना मला कवायत करत असल्यासारखी दिसतात.

चित्र लाकडावर उतरवायचे तर ते कसे?

चित्र लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्स यंत्रावर साध्या, पातळ कागदावर उलटे छापून घ्यावे. या यंत्रांची शाई म्हणजे टोनर, अर्थात प्लास्टिकची रंगीत पूड असते आणि ती पाण्यात विरघळत नाही. घरच्या साध्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा पाण्यात पसरते, त्यामुळे ते छापील चित्र या पद्धतीला चालत नाही. आरशात दिसते तसे उलटे छापायला सांगण्यास विसरू नये. मी एकदा मसाल्याच्या मांडणीवर ‘हळद, तिखट, जिरे’ ही नावे सरळ छापून उतरवली आणि कागद निघाल्यावर ती डावीकडून वाचता येईनात. मांडणी पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर नव्हते.

लाकडाचा रंग पूर्ण वाळला की त्यावर अ‍ॅक्रिलिक जेल मीडियमचा (पारदर्शक, घट्ट चिकट लेपाचा) सारखा थर द्यावा, चित्राची छापील बाजू खाली करून कागद ठेवावा आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने मध्यापासून कडेकडे दाबत हवा बाहेर काढावी. राहिलेला प्रत्येक बुडबुडा पुढे चित्रातले छिद्र होतो. रात्रभर, आणि हवा दमट असेल तर पूर्ण दिवस, वाळू द्यावे. त्यानंतर ओल्या स्पंजने कागद भिजवून बोटाच्या पेराने हळूहळू चोळावे, म्हणजे कागदाच्या बारीक शेवया निघू लागतात आणि खालून चित्र दिसते. नख लावू नये. ओले असताना चित्र स्वच्छ वाटते, पण वाळल्यावर त्यावर पांढुरकी साय दिसते. ती उरलेल्या तंतूंची असते. असे भिजवणे-चोळणे दोनतीनदा करावे लागते आणि त्यात घाई केली की चित्रच निघून येते.

जेल मीडियमऐवजी सुतारकामाचा पांढरा गोंद वापरणारेही आहेत. तो स्वस्त पडतो, पण साधा पांढरा गोंद वाळल्यावरही पाण्याने मऊ होतो आणि कागद चोळताना चित्रासकट सरकतो.

उतरवलेले चित्र फिके का दिसते?

प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. चित्रातला पांढरा भाग म्हणजे उघडा कागद, आणि कागद निघून गेल्यावर तिथे खालचा रंग दिसतो. त्यामुळे तळाचा रंग पांढरा किंवा फिका पिवळसर असावा. गडद लाकडावर चित्र हवेच असेल तर पातळ कागदावर छापलेले चित्र कापून, चिकटवून, वरून वार्निशचे हात द्यावेत. त्या पद्धतीला डेकूपाज म्हणतात.

कोणाचेही चित्र वापरता येते का?

घरच्या वापरासाठी आणि विक्रीसाठी असा भेद मनात पक्का असावा. विकायच्या वस्तूवर हयात किंवा नुकत्याच दिवंगत चित्रकाराचे काम परवानगीशिवाय वापरू नये. भारतीय कायद्यानुसार चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली निवर्तले, त्यामुळे त्यांची चित्रे आज मुक्त आहेत. त्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला छापखाना घरोघरी देवादिकांची रंगीत चित्रे पोहोचवण्यासाठीच होता, त्यामुळे ती चित्रे देव्हाऱ्याच्या दारावर उतरवणे त्या परंपरेला धरूनच होईल. स्टुलाच्या बैठकीवर मात्र ती नकोत.

वरून मेण लावावे की वार्निश?

वस्तू कशासाठी वापरणार, यावर ते ठरते. सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यांवर चिंचोक्याची खळ, खडूचा थर, मग रंग आणि अखेरीस लाख असे थर दिले जातात, आणि हातोहाती फिरणारा पत्ता शेवटच्या थरामुळेच टिकतो. फर्निचरलाही तेच लागू आहे.

मेणाचा हात स्पर्शाला सुंदर लागतो, परंतु मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे चहाचा गरम कप ठेवल्यास त्यावर कायमचे वर्तुळ उमटते. टेबल, टीपॉय आणि मांडणी यांना पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचे (एका कडक वार्निशचे) तीन पातळ हात द्यावेत. तेलाचे वार्निश पांढऱ्या रंगावर कालांतराने पिवळे पडते. पूजेच्या चौरंगावर हळद सांडणारच, म्हणून त्याला निस्तेज चॉक पेंट उघडा ठेवू नये.

जवसाचे तेल वापरल्यास तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगाऱ्यातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

लोखंडी कपाटाला हेच रंग चालतील का?

तारेच्या ब्रशने गंज काढून, थिनरने पुसून, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात दिल्यावर ऑइल पेंट मारावा. प्रायमरशिवाय लोखंडावर पाण्याचा रंग मारल्यास काही दिवसांतच गंजाचे ठिपके वर येतात. स्टेन्सिलची नक्षी मात्र ऑइल पेंट पूर्ण वाळल्यावर, त्याची चकाकी ओल्या कागदाने घालवून, अ‍ॅक्रिलिक रंगाने काढता येते.

रंगवलेली वस्तू लगेच वापरता येते का?

हाताला कोरडी लागणे आणि पक्की होणे यांत तीन ते चार आठवड्यांचे अंतर असते. तोपर्यंत त्यावर फुलदाणी ठेवू नये, ओले फडके फिरवू नये आणि ड्रॉवर किंचित उघडे ठेवावेत, नाहीतर रंगाला रंग चिकटून ते उघडताना पोपडा निघतो. पाहुणे येणार म्हणून आदल्या आठवड्यात टीपॉय रंगवायला घेणाऱ्यांना मी नेहमी एकच सल्ला देते: तोवर त्यावर चादर घाला.